सातदऱ्याचा कोरा मुलूख

अण्णांचं दिवसकार्य उरकलं आणि त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी, पुण्याहून प्रकाशक निवृत्तीराव लोणावळ्याला आले. येताना त्यांनी नकाशा आणला होता. दोन मिनिटं गप्प बसून त्यांनी दुःख व्यक्त केलं आणि मग नकाशा उलगडला.

अण्णा रेल्वेत होते. घाट उतरण्याआधी इथे थांबणाऱ्या गाड्यांचे ब्रेक तपासायचे, हे त्यांचं काम. रविवारी दुपारी मात्र ते सातदरा नावाचं राज्य चालवत. सात दऱ्या, एक म्हातारी राणी, खिंडीच्या तोंडाशी जकातनाकं, हे सगळं त्यांनी स्वतः रचलेलं. खेळायला येणाऱ्याने आपला एक माणूस त्या राज्यात सोडायचा आणि त्याच्या वतीने बोलायचं. काही अडलं की कवड्या टाकायच्या आणि पडेल ते सोसायचं. नूरमहंमद चिक्कीवाले, म्हणजे आमचे नूरचाचा, तिथे मिठाचे व्यापारी होते. शेजारच्या अंबूबाई एकदा वाटीभर पीठ मागायला आल्या आणि जकातनाक्यावर बसल्या, त्या कायमच्याच.

नकाशात खिंडीच्या पलीकडचा भाग अण्णांनी कोरा ठेवला होता. तिथे जो जाईल त्यानेच तिथे काय आहे ते सांगायचं, असा नियम. नूरचाचा केव्हाच पलीकडे गेले होते आणि दर रविवारी तिकडची काही ना काही खबर आणत.

निवृत्तीराव मुळात पंचांगं आणि शाळेची मार्गदर्शकं छापणारे. तुंगार्लीला हवापालटासाठी आले असताना त्यांनी हा खेळ पाहिला आणि दिवाळीच्या सुट्टीसाठी नकाशासकट पुस्तिका काढली. ती खपली. खपणारं राज्य वाढवत राहायला हवं, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि दर दिवाळीला नवी पुस्तिका निघू लागली. ती त्यांच्या कचेरीतला एक बी. ए. झालेला गृहस्थ लिहीत असे. एका पुस्तिकेत त्याने राणी मारली. आमच्याकडे अंबूबाई राणीच्याच नावाने जकात घेत राहिल्या, मला कुणी कळवलं न्हाई म्हणाल्या. पुढच्या पुस्तिकेत भूकंप होऊन सात दऱ्यांच्या पाच झाल्या. राज्याचं नाव तेवढं तसंच राहिलं, कारण ते खपत होतं. अण्णा प्रत्येक पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत आणि मिटताना एवढंच म्हणत, "छपाई चांगली आहे."

आता ‘संपूर्ण सातदरा’ निघणार होता. निवृत्तीरावांनी आणलेल्या त्याच्या छापील नकाशात कोरा भाग भरून टाकला होता. सगळीकडे बारीक ठिपके आणि मधोमध मजकूर: निर्जल वाळवंट. येथे मनुष्य जगू शकत नाही.

अण्णांची मुलगी म्हणून माझी संमती हवी होती. ती द्यायला मी का कचरते आहे हे निवृत्तीरावांना कळेना, आणि मला सांगता येईना. अण्णांनी इतक्या वर्षांत स्वतःचा माणूस राज्यात कधी सोडला नव्हता. शेवटच्या आजारात, उशीला टेकून बसल्या बसल्या, त्यांनी पहिल्यांदा एक सोडला. कंदीलवाला राखणदार. तो नूरचाचांच्या खेचरांमागोमाग खिंड ओलांडून गेला. तेवढ्यात अण्णांना खोकला आला. उरलेलं पुढच्या रविवारी, असं म्हणून ते आडवे झाले. पुढच्या रविवारी ते नव्हते.

वाळवंटात पाठवायला राखणदार माझा नव्हता.

रिकामी जागा दिली की गिऱ्हाईक आपण फसवले गेलो असं समजतं, हे निवृत्तीराव मला समजावत होते. एवढ्यात नूरचाचा आणि अंबूबाई आले. खेळायला आले नव्हते, नुसते बसायला आले होते. पण मीच कवड्या काढल्या. निवृत्तीरावांना म्हटलं, एकदा तुमच्या वाळवंटात जाऊन या, मग संमती देते.

त्यांनी वसुली अधिकाऱ्याचं पद मागून घेतलं. अण्णांच्या जागी मी बसले आणि निवृत्तीरावांच्याच नकाशावरचा मजकूर वाचत त्यांना पुढे नेलं. नाक्यावर अंबूबाईंनी अडवलं.

"सायेब, पानी घेतलंय का? फुडं मिळायचं न्हाई."

"शिपाई आणतील मागून."

"कुटनं आनतील? तितं मानूस जगत न्हाई. तुमीच लिवलंय."

निवृत्तीराव हसले आणि पुढे गेले. कवड्या टाकल्या, त्या पालथ्या पडल्या. मी तहान लागल्याचं सांगितलं. पुन्हा टाकल्या, घोडा गेला. दुपारभरात त्यांचा अधिकारी रांगू लागला. समोरचा तांब्या त्यांनी खरोखरच अर्धा रिकामा केला. एखादी विहीर असेलच की, असं ते म्हणाले. मी छापलेली ओळ त्यांच्यापुढे धरली. ते नूरचाचांकडे वळले.

"तुम्ही तर इतकी वर्षं तिकडेच आहात. पीत काय होतात?"

"तेव्हा छापलं नव्हतं, साहेब," नूरचाचा म्हणाले. "तेव्हा पाणी होतं."

निवृत्तीरावांनी नकाशा पुढे ओढला. तिथे त्यांचा अधिकारी मरायला टेकला होता, आणि नेमणूक होऊन त्याला पुरता दिवसही झाला नव्हता. अखेर त्यांनी पेन्सिल घेऊन ठिपक्यांवर काट मारली. ठीक आहे, कोरं ठेवू, म्हणाले. मी कवड्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांना झरा सापडला. उताण्या पडलेल्या कवड्या त्यांनी दोनदा मोजून खात्री केली; तीनच होत्या, पण झऱ्याला तेवढ्या पुरल्या. मग मी सही केली.

दिवाळीच्या आधी टपालाने ‘संपूर्ण सातदरा’ आला. निवृत्तीरावांनी शब्द पाळला होता. खिंडीपलीकडे एकही ठिपका नव्हता. पण कागद वाया जाऊ देणं त्यांच्या स्वभावात नसावं. कोऱ्या जागेत, ठसठशीत चौकटीत, त्यांच्या नव्या पंचांगाची जाहिरात होती.

रविवारी मी नकाशा दोघांपुढे ठेवला. अंबूबाईंनी त्यावर बोट फिरवून विचारलं, हितं ह्ये काय उगवलं? नूरचाचांनी चष्मा लावून ती चौकट सावकाश वाचली.

अण्णा ज्या प्रश्नाने दर खेपेस सुरुवात करत, तोच मी विचारला. "काल मुक्काम कुठे होता, चाचा?"

"पंचांगाचं नवं दुकान निघालंय तिकडे. त्याच्या ओट्यावर पडलो होतो. गावही आहे मागे, बरं आहे."

मी कवड्या हातात तशाच धरून ठेवल्या. "राखणदार होता बरोबर?"

"होता की. कंदील खाली ठेवून त्यानं एक पंचांग उचललं. सगळं चाळलं." नूरचाचांनी चष्मा काढून पुसला. "म्हणाला, छपाई चांगली आहे."