न विरघळलेला रेणू

हत्तीपायाच्या जंतात एक प्रथिन असतं. त्याच्या खोबणीत चपखल बसणारा रेणू शांभवीला अखेर संगणकावर सापडला, तेव्हा तिने खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. तंजावूरच्या त्या खाजगी कॉलेजात असली गणितं चालवणं सोपं नव्हतं. शनिवारी वॉचमन मेन स्विच बंद करून जाई आणि आठवडाभराचं काम सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागे. दारावर चिठ्ठी लावून झाली, त्याच्याशी भांडूनही झालं. स्विच बंद व्हायचा तो झालाच.

तिरुच्चीला कनकलता ही तिची मैत्रीण प्रयोगशाळेत खरे जंत पाळत असे. शांभवीने रेणू बनवून घेतला आणि तिच्याकडे पाठवला. महिन्याभराने फोन आला.

"शांभवी, तुझं औषध पाण्यात विरघळतच नाही. पूड तळाशी बसून आहे. जंत ठणठणीत आहेत."

शांभवीला काय चुकलं ते तत्काळ कळलं. रेणू तेलकट होता. खोबणीही तेलकट, म्हणून संगणकाने त्याला भरभरून गुण दिले होते. आपण हे आधी का पाहिलं नाही, या विचाराने तिचा दिवस नासला.

विभागप्रमुख बाळकृष्णराव तिच्यासारखेच तंजावूरच्या जुन्या मराठी घराण्यातले. चारचौघांत इंग्रजी बोलत, दार लावलं की मराठीत येत.

"अगं, तो प्रयोग आपल्याकडे झाला नाही. मग लिहायचा कशाला? संगणकाचं तेवढं छाप. पदोन्नतीची बैठक जवळ आलीय."

"पण सर, मला माहीत आहे ना की तो चालत नाही."

"तुला माहीत आहे. त्यांना कुठे माहीत आहे?"

घरी येऊन तिने लेखातला त्या प्रयोगाचा परिच्छेद खरंच काढून टाकला. लेख कसा सुटसुटीत दिसायला लागला! तेच तिला सहन होईना. शिव्या घालत तिने परिच्छेद परत टाकला आणि लेख पाठवून दिला.

नियतकालिकाने तो परत केला. निष्कर्ष नकारात्मक, वाचकांना रस नाही, एवढंच कारण. पदोन्नती तिच्याच विभागातल्या प्राणेशला मिळाली. त्याचे ढीगभर लेख छापून आले होते आणि त्यातला एकही रेणू संगणकाबाहेर पडला नव्हता. पेढा पुढे करताना तो म्हणाला, "पुढच्या वेळी तुमचं होईल, मॅडम." तिने पेढा घेतला, आणि घेतला म्हणून स्वतःवरच चिडली.

मग तिने रेणूची एक तेलकट शेपटी कापली, तिथे पाणी धरणारा अणूंचा गट जोडला, आणि पुन्हा शनिवारची धास्ती घेत गणितं चालवली. नवा नमुना तिरुच्चीला गेला.

"विरघळला?" तिने फोनवर विचारलं.

"विरघळला की! साखरेसारखा."

"आणि जंत?"

"थोडे मंदावले होते गं. संध्याकाळी पुन्हा वळवळायला लागले."

शांभवीच्या तोंडून आईसमोर कधी न काढलेला तमिळ शब्द बाहेर पडला. पलीकडे कनकलता हसली.

"मी उद्या येऊ का?" शांभवीने विचारलं. "इतकी वर्षं या जंतांच्या मागे लागलेय, एकही जिवंत पाहिलेला नाही."

"ये. आमचं कॅन्टीन बंद आहे, डबा दोघींचा आण."

दुसऱ्या दिवशी शांभवीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पांढुरके दोरे एकमेकांत गुंतत होते, सुटत होते. ती भिंग पुढेमागे करत एकेका दोऱ्याचा माग घेत राहिली.

"मेले किती चिवट आहेत," ती शेवटी म्हणाली आणि औषध घातल्यावर ते कितपत मंदावले होते, हे कनकलताला खोदून खोदून विचारू लागली.