कोपऱ्यातली सही

सिनेमा सुरू होताना नावं येतात ना, ती मी करते. लोक तेव्हा खुर्ची शोधत असतात, नाहीतर पॉपकॉर्न सांडत असतात. घरी बघणारे तर सरळ पुढं ढकलतात. ढकलोत बापडे. मला राग येतो, पण मी तो जालन्यात बसून गिळते.

यंदा अंगददादाचा सिनेमा मिळाला. अंगददादा माझ्या कॉलेजातला, आता पुण्यात दिग्दर्शक आहे. सिनेमा एका टेम्पोवाल्याचा, म्हणून नावं पत्र्यावर ब्रशनं रंगवलेली हवीत असं मीच सुचवलं. माणूस शोधायला लांब जायचं नव्हतं. माझे पप्पा, संपत खरात, चाळीस वर्षं एमआयडीसीतल्या टेम्पोंवर आणि कारखान्यांच्या फाटकांवर अक्षरं काढताहेत. फ्लेक्स आल्यापासून काम कमी झालं, हात मात्र तसाच आहे.

अंगणात कॅमेरा लावला. पप्पा आधी खडूनं दोन रेघा मारत, डोळ्यांनीच नावाची लांबी मोजत आणि कामाला लागत. एक्केचाळीस नावं, एक्केचाळीस पत्रे, बारा दिवस. शिरोरेषा ओढताना ते श्वास रोखून धरतात, हे मला बत्तिसाव्या वर्षी कळलं.

चित्रण वेग वाढवून पाहिलं, तर कोऱ्या पत्र्यावर नाव आपोआप उगवत होतं. मी खुशीत अंगददादाला पाठवून दिलं. तासाभरात त्याचा फोन.

"भावना, एक नंबर झालंय! पण प्रत्येक नावाखाली कोपऱ्यात 'संपत आर्ट्स' का लिहिलंय?"

मी पुन्हा लावून पाहिलं. खरंच की! नायिकेखाली संपत आर्ट्स, संगीताखाली संपत आर्ट्स, निर्मात्याखालीही संपत आर्ट्स. पाटी पुरी झाली की कोपऱ्यात सही करायची, हा पेंटर लोकांचा रिवाज. ती सही मी जन्मापासून बघत आलेय, त्यामुळे बारा दिवस समोर बसूनही मला ती दिसली नव्हती.

"पुसावी लागेल," अंगददादा म्हणाला.

"मग पप्पांचं वेगळं नाव घाल. 'अक्षरं: संपत खरात'."

"निर्मात्यानं यादी मंजूर केलीय गं. टायटल्सला एकच नाव, तुझं. मी दोनदा विचारलं, ऐकत नाही तो."

मी फोनवर नको ते बोलले. यादीत चहा देणाऱ्याचं नाव होतं, ते असायलाच हवं. पण निर्मात्याच्या मेव्हण्याचं दोनदा होतं, आणि ज्यानं ही सगळी नावं लिहिली त्याचं एकदाही नाही!

पप्पांना सांगितलं तर म्हणाले, "बराबर हाय त्यांचं. मी आपलं सवयीनं टाकून राह्यल्तो. पूस, पूस." आणि उठून ब्रश धुवायला गेले. ब्रश धुतलेलेच होते.

मग संगणकावर एकेका चित्रातून मी माझ्याच बापाचं नाव खरवडून काढलं. तीन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी मी रडले, त्यात लाज कसली.

शेवटची पाटी माझी होती. यादीत सगळ्यांची नावं दोन शब्दांत, तसंच माझंही: भावना खरात. पण शाळेच्या दाखल्यावर मी तीन शब्दांची आहे. सही पुसता पुसता माझा हात थांबला. मी अंगददादाला फोन केला.

"एकच मागते. माझं नाव मी मला हवं तसं लिहिणार."

"लिही बाई. निर्मात्याचं मी बघतो."

पप्पांपुढं नवा पत्रा ठेवला. "माझी पाटी परत करायचीय. पूर्ण नाव लिहा."

"पूर्ण म्हंजे?"

"दाखल्यावर आहे तसं."

त्यांनी रेघा मारल्या. 'भावना' झालं. मग ब्रश हातात धरून ते पत्र्याकडं बघत बसले. शेवटी त्यांनी सावकाश लिहिलं, 'संपत'. त्यापुढं 'खरात'. शिरोरेषा ओढल्या आणि रंगाच्या डब्याला झाकण लावलं.

कॅमेरा मी चालूच ठेवला होता. सवयीनं त्यांचा हात कोपऱ्यात जाईल, असं वाटलं. गेला असता तर या पाटीवरची सही मी पुसणार नव्हते, मग निर्माता काहीही म्हणो.

"पप्पा, सही राहिली."

"आता कशाला?" पत्रा वाळायला भिंतीला टेकवत ते म्हणाले. "एका पाटीवर दोनदा नाव टाकत न्हाईत, बाळा."