खालची उत्तरं

"आवाज बंद करून कोण बघतं गं गाडी शिकवायचे व्हिडिओ?" ठमीने आईच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावत विचारलं.

"मी बघते. तू जेव आधी."

ठमीची आई तेवीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात नर्स होती. वॉर्डातच काय, राहत्या इमारतीतही तिला सगळे सिस्टरच म्हणत. सिस्टरची एक सवय होती. नवा पेशंट आला की सोबतचे चौघे एकदम बोलायला लागतात आणि चौघांचं चार तऱ्हांचं असतं. म्हणून सिस्टर आधी पेशंटला नीट बघायच्या, ऐकायच्या मागाहून. माणूस खोटं बोलेल, मोडलेलं हाड बोलत नाही, असं त्या शिकाऊ नर्सेसना सांगत. व्हिडिओंनाही त्यांनी हाच नियम लावला होता.

ठमीला शहराबाहेरच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात नोकरी लागली होती. सकाळी सहाची पाळी, आणि त्या वेळेला तिकडे बस नाही. जुनी मोटरसायकल दारात येऊन उभी राहिली, शिकाऊ परवानाही आला. पण शिकवणार कोण? ठमी म्हणाली, व्हिडिओ बघून शिकते. सिस्टर म्हणाल्या, मी पास करीन त्याचेच बघायचे, आणि एकही पास झाला नाही तर गाडी विकायची. गाडी गेली की नोकरीही गेली, हे दोघींना ठाऊक होतं. महिन्याभरात रुजू व्हायचं होतं आणि त्यातला आठवडा उलटला होता.

आतापर्यंत तीसेक शिक्षक नापास झाले होते. चप्पल घालून गिअर टाकणाऱ्याला सिस्टर म्हणाल्या, "घोटा." एका हाताने चालवत कॅमेऱ्याला टाटा करणाऱ्याला, "मनगट." पुढचा ब्रेक वळणात दाबायला शिकवणाऱ्याचं तर त्यांनी पुरतं बघितलंही नाही.

"आई, तुला माणसं दिसतच नाहीत. नुसते एक्स-रे दिसतात," ठमी वैतागून म्हणाली. "पाण्यात पडल्याशिवाय पोहता येतं का कुणाला?"

"पडलेलेच येतात माझ्याकडे. आणि ते पोहत नाहीत."

जेवून ठमी आत आडवी झाली. दुपारचे अडीच वाजले होते. खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडलं होतं, खालच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सिस्टरनी पुढचा व्हिडिओ लावला. रिकामं मैदान, विटांचे तुकडे ओळीत मांडलेले, त्यांतून सावकाश गाडी फिरवणारा पिवळ्या जॅकेटमधला एक तरुण. क्लच हळू सोडत होता, नजर वळणाच्या पलीकडे होती, पाय बुटात. सिस्टरना पहिल्यांदाच बरं वाटलं. मग त्याने कॅमेऱ्यासमोर हात उंचावला, आणि कोपरावरचं काळ्या दोऱ्याने शिवलेलं ठिगळ दिसलं.

ते जॅकेट त्यांनी कापलं होतं. मनगटापासून खांद्यापर्यंत, ठिगळापाशी कात्री अडली होती. दोन वर्षं झाली असतील. मुलगा वाचला नव्हता.

त्यांनी हेल्मेटकडे बघितलं. हनुवटीखाली पट्टा नुसता लोंबत होता. त्यांनी दुसरा व्हिडिओ लावला, मग तिसरा, दहावा. सगळं कसं नेमकं शिकवलेलं, आणि प्रत्येकात पट्टा मोकळा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या दिवशी हेल्मेट आधीच डोक्यावरून उडालं होतं. त्याच्या आईच्या हातात ते देताना तिने उलटसुलट करून विचारलं होतं, "याला साधा ओरखडा कसा नाही हो?" सिस्टरनी खाली मान घालून कागद पुढे केला होता. "इथे सही करा."

मेलेल्या माणसाचे व्हिडिओ राहतात, त्यात नवल नाही. सिस्टर चमकल्या त्या खालची प्रश्नोत्तरं वाचून. लोक विचारत होते आणि तो उत्तरं देत होता. 'चढावर गाडी बंद पडते, दादा.' 'क्लच अर्धा ठेव, घाई नको.' हे कालचं. 'ओल्या रस्त्यावर भीती वाटते.' 'वाटू दे. मला वाटली नाही, तेच चुकलं.' हे आज सकाळचं.

सिस्टरनी दोनदा काहीतरी लिहून खोडलं. शेवटी लिहिलं, 'हेल्मेटचा पट्टा लावलेला दिसत नाही.'

दोन मिनिटांत उत्तर आलं. 'नाही लावला. तुम्हाला ते माहीतच आहे, सिस्टर.'

त्यांनी फोन पालथा ठेवला. आतून ठमीच्या श्वासाचा आवाज येत होता, तो ऐकत त्या तशाच बसल्या. फोन पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. तेवीस वर्षं रक्तामांसात वावरलेली बाई, पण फोन उलटा करायला तिला पाणी प्यावं लागलं. हे निरोप खासगी होते, फक्त त्यांनाच दिसणारे.

'घाबरू नका. मी त्याची आई. तुमच्या फोटोवरून ओळखलं, त्यातही गणवेशच आहे.'

आणि खाली, 'त्या दिवशी मी विचारलं, तुम्ही बोलला नाहीत. घरी येऊन मी त्याचे सगळे व्हिडिओ बघितले. एकशे बारा. तेव्हा कळलं.'

सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लिहिलं, 'मला सांगायला हवं होतं. माझी जीभ रेटली नाही.'

'आता मी सांगते. प्रत्येकाखाली. तो कुठे चुकला ते लिहून ठेवते.'

'मग तो गेला हे का नाही लिहीत?'

'लिहिलं होतं एकदा. लोक दोन फुलं टाकून निघून जायला लागले. शिकेना कुणी. म्हणून काढून टाकलं. तुम्हीही सांगू नका.'

सिस्टरनी सगळी उत्तरं वाचून काढली. एकाही ठिकाणी चूक झाकलेली नव्हती. इतकं खरं सांगणारा पेशंट किंवा नातेवाईक त्यांना कधी भेटला नव्हता. ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं तेव्हा त्यांनी ठमीला उठवलं.

"हा पास. पण खालची उत्तरं आधी वाचायची, मग व्हिडिओ."

"देव पावला!" ठमी पांघरूण फेकून उठली आणि फोन घेऊन तिथेच मांडी ठोकून बसली. थोड्या वेळाने हसायला लागली. "अगं, मी विचारलं, माझी आई फार घाबरते, तिचं काय करू? लगेच उत्तर आलं बघ. 'घाबरू दे तिला. पोहोचलीस की फोन कर. रोज कर. एक दिवस चुकवू नकोस.'"

सिस्टर पांघरुणाची घडी घालू लागल्या.

"बोलतात अगदी म्हाताऱ्या माणसासारखे. आणि दिसतात तर केवढेसे! किती वय असेल गं यांचं?"

"सव्वीस," सिस्टर म्हणाल्या, आणि कपाट उघडून गाडीची चावी तिच्या हातात दिली.