सुमित्राबाईचा आजा

मी तांब्याचा एक लहानसा तुकडा बोलतोय. रुपयाहून जरा मोठा, लंबगोल. माझ्या अंगावर मीन्याच्या रंगांत, हातात कुंचला घेतलेल्या एका माणसाचं चित्र आहे. माझं वय शंभरीच्या आसपास.

हा माणूस म्हणजे आमगावकडचे मनिराम चितारी. ते नाटकांचे पडदे रंगवत. राजवाडा, जंगल, नदी, सगळं भल्यामोठ्या कापडावर. नागऱ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत बनारसच्या एका मीनाकाराशी त्यांची गट्टी जमली. मनिरामांनी त्याच्या दुकानासाठी मोर काढून दिला, त्यानं मला घडवलं. काचेची पूड लावायची, भट्टीत घालायचं, पुढचा रंग लावायचा, पुन्हा भट्टी. मला हातात घेऊन मनिराम हसले होते, "मी हत्तीएवढे पडदे रंगवतो, अन् तू मले डबीत कोंबलास गा!"

त्यांची नात सुमित्रा लग्न होऊन सासरी आली, तेव्हा लुगड्याच्या घडीत मला घेऊन आली. सासू धुरपताबाईंना मी सापडलो. माझ्या हातातला कुंचला त्यांना गदा वाटला. "सून देव घेऊन आली!" म्हणत त्यांनी मला देवघरात टाकांशेजारी बसवलं. सुमित्रा काही बोलणार होती, बोलली नाही. माहेरच्या आजोबाचं चित्र सासरच्या भिंतीवर कोण टांगू देणार होतं? इथे मात्र रोज आंघोळ, रोज फूल.

पाणी ओतण्याआधी ती ते क्षणभर मुठीत धरून त्याचा गारवा मोडायची. मग हळूच विचारायची, "आजा, पानी थंड तं नाही ना?"

मागच्या हिवाळ्यात सुमित्राबाई गेल्या. सुतकात देवांना पाणी नव्हतं, मीही कोरडा राहिलो. तेरवीनंतर सून मंजूनं देव घासायला काढले आणि मी तिच्या हातून निसटलो. कानाजवळचा मीना उडाला, आतलं तांबं दिसू लागलं.

"देव भंगला हो!" मंजू रडकुंडीला आली.

"रडून कायले राहिली?" तिचा नवरा भूपेंद्र म्हणाला. "भंगलेला देव घरात ठेवत नाही. वाघ नदीत सोडून येतो."

मला हळदकुंकू वाहिलं, लाल फडक्यात बांधलं. तांब्याला पोहता येत नाही.

छपरीत भूपेंद्रचे वडील श्यामलाल बसले होते. बायको गेल्यापासून ते फारसं बोलत नव्हते.

"फडक्यात काय हाय?"

"भंगलेला देव, बाबूजी."

त्यांनी मला सोडवलं, धोतराच्या सोग्यानं कुंकू पुसलं.

"हे गदा नोहे, बाबू. ब्रश हाय. हा तुह्या मायचा आजा."

"आईनं सांगतलं होतं?"

"कधीच नाही. पन रोज सकाळी आयकू येत होतं. देवाले कोनी आजा म्हनते का?"

"मंग तुमी बोलले काऊन नाही?"

"बोललो असतो तं माह्या मायनं त्याले देवघरातून उचलून ठेवलं असतं. देव भंगला तं नदीत सोडा लागते. मानूस भंगला तं घरातच राहते."

आता मी त्यांच्या खाटेजवळच्या कोनाड्यात असतो. रोज सकाळी ते माझ्यावर पाणी ओततात आणि विचारतात, "आजा, पानी थंड हाय का?"

पाणी गारठलेलं असतं. त्यांना भिंतीपलीकडून शब्द तेवढे ऐकू आले होते. मूठ दिसली नव्हती.

मला थंडीचं काही नाही, मी भट्टीतून निघालेला आहे. पण तुम्ही कधी त्यांच्याकडे गेलात, तर एवढं सांगा. पाणी ओतण्याआधी ती ते क्षणभर मुठीत धरायची.