योगमायेची ओटी

केवळाला हवेत झोपवायला एक लोखंडी फळी लागायची, बाक दिलेला एक जाड गज लागायचा, एक काळा पडदा आणि पडद्यामागे रहाट फिरवणारा म्हातारा मुंजाजी. बाकीचं सगळं तिचं तिलाच करावं लागे. राबायचं एकानं आणि टाळ्या घ्यायच्या दुसऱ्यानं, ही जगाची रीत जादूच्या खेळात तरी कशी मोडणार? टाळ्या प्रोफेसर बन्सीधर घ्यायचा.

प्रोफेसर ही पदवी त्याला कुणी दिली होती ते विचारण्यात अर्थ नव्हता. तरुणपणी हैदराबादेत एका जादूगाराच्या हाताखाली राहिला आणि येताना विद्या, काळा कोट आणि पदवी अशा तिन्ही वस्तू उचलून घेऊन आला. पण आपल्या कामात माणूस पक्का होता. तो म्हणायचा, लोक हवेकडे बघत नाहीत, बाईकडे बघतात. बाई फळीवर पडल्यासारखी दिसली की लोक फळी शोधायला लागतात. म्हणून केवळानं टाचा टेकवायच्या नाहीत, मान जड ठेवायची नाही, एक हात अर्धवट सुटलेला ठेवायचा आणि केस मोकळे सोडून खाली लोंबू द्यायचे. श्वास बरगड्यांच्या मागे घ्यायचा, पोट हलता कामा नये. मुंजाजीनंही तिला सरळ वर न्यायची नाही, थोडी हेलकावत न्यायची, कारण सरळ वर जाते ती विहिरीतली बादली. मग बन्सीधर एक मोठं कडं तिच्या डोक्याकडून पायापर्यंत ओढून काढायचा. गजाचा बाक त्यासाठीच होता. कडं सुटून हातात आलं की कनातीत श्वास थांबायचा.

हे सगळं बसवताना बन्सीधर कनातीच्या पार टोकाला जाऊन उभा राहायचा आणि तिथून तिच्याकडे डोळे बारीक करून बघायचा. केवळाला कधीकधी वाटे, या माणसानं आपल्याला जवळून कधी बघितलंच नाही. गळ्यात काळी पोत त्यानंच बांधली होती, मारझोड करत नव्हता, पोटाला घालत होता. पण जेवताना बोलायचा तेही पडद्याच्या चुण्यांबद्दल. मुंजाजी ठार बहिरा. आणि इतर कुणाशी बोलायची तिला मुभाच नव्हती, कारण सकाळी हौदावर घागर बुडवताना दिसलेली बाई संध्याकाळी हवेत तरंगली तर तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून प्रवासात छकड्याला पडदा, मुक्कामात कनातीच्या आत कनात. कनातीपलीकडून बायका बोलत जायच्या, लेकराला रागवायच्या, भावजयीची गाऱ्हाणी सांगायच्या, आणि ही आत बसून ऐकायची. एकटेपणाची सवय होते म्हणतात. केवळाला झाली नाही.

तिकडे लढाई चालली होती आणि इकडे घासलेट मिळेनासं झालं होतं. चैत्राच्या जत्रांचे दिवस. छकडं देवगाव फाट्यावरून जिंतूरच्या वाटेला लागलं तेव्हा केवळानं पडदा थोडा बाजूला केला. ती टेकडी तिच्या ओळखीची होती. महादेवाच्या ज्या जत्रेत खेळ लावायचा होता, तिथून तिचं माहेर दोन कोसांवर.

"आवं, हितं नको," ती म्हणाली. "माझ्या गावची माणसं येतेत या जत्रंला. समदी येतेत."

"ठाण्याच्या अमीनसाहेबाची इजाजत घेऊन बसलोय मी," बन्सीधर म्हणाला. "आन् तुला कोण वळखायलंय? तुझ्या आईनं बघितलं तरी वळखणार न्हाई, असा रंग करतो. माझं कामच हाय ते."

तो हे धीर द्यायला म्हणाला होता. केवळाच्या मात्र काळजात ते कुसळासारखं रुतून बसलं.

तिला लहानपणीच गंगाखेडकडे दिलेली. नवऱ्यानं दुसरी केली, हिला गोठ्यात ठेवलं. ती पळून माहेरी आली की बाप, आश्रुबा, तिला पुन्हा नेऊन घालायचा. लेकीचं दुःख त्याला दिसत नव्हतं असं नाही, पण गावात मान होता आणि मान राखायचा तर डोळे मिटायला लागतात. शेवटी एकदा वाटेतच ती बन्सीधरच्या खेळात जाऊन बसली आणि उठलीच नाही. पुढे एका कासाराकडून तिला कळलं की बापानं तिच्या नावानं अंघोळ केली. मेलेल्या माणसाची करतात ती अंघोळ. आईनं, बायनाबाईनं, घरात तिचं नावही घ्यायचं नाही, असं ठरलं. आता जत्रेत तिला कुणी ओळखलं तर खेळ मोडणार, कनात जळणार, बन्सीधरची हाडं शाबूत राहणार नाहीत. हे तिला कळत होतं. आणि कुणीच ओळखलं नाही तर? आई समोर बसून बघून गेली आणि ओळखलंच नाही, तर मग ती खरंच मेली, असं तिला वाटायला लागलं. या दुसऱ्या भीतीपुढे पहिली काहीच नव्हती.

जत्रेत घासलेटाची अडचण झाली. दोन गॅसबत्त्या पुढे लावून त्यांचा उजेड लोकांच्या डोळ्यांत मारायचा, म्हणजे मागचा काळा पडदा नुसता अंधार होऊन जातो, ही बन्सीधरची युक्ती. पण तेल मिळालं एकाच बत्तीपुरतं. उजेड कमी म्हणजे लोक पुढे सरकणार, पुढे सरकले म्हणजे गज दिसणार. बन्सीधरनं डोकं लढवलं. परभणीच्या उरुसात तो केवळाला 'हवा की परी' म्हणायचा. परीला हात लावायला तमाशबीन धावतात. देवीपासून मात्र चार हात लांब बसतात. म्हणून त्यानं तिला हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर मळवट भरला आणि बाहेर डफ वाजवून पुकारा केला, "योगमाया! योगमाया अधांतरी!"

पुरुषमाणसं देवीपासून लांब बसतात, हे त्याला ठाऊक होतं. बायका काय करतात, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

दिवेलागणीनंतर कनात भरली. केवळा डोळे मिटून वर गेली. हेलकावा बरोबर साधला. कडं डोक्याकडून आलं, पायाकडून गेलं, आणि लोक गप झाले. नेहमी इथे टाळ्या पडायच्या. आज टाळी पडेना. देवीपुढे टाळ्या कोण वाजवणार? त्या शांततेत एक बाई खोकली.

माणसं सगळी एकसारखी खोकतात, आईचा खोकला मात्र एकच असतो. चुलीपुढे फुंकून फुंकून जडलेला तो कोरडा खोकला, शेवटी अडकणारा. डोळे उघडायचे नाहीत, तिनं स्वतःला बजावलं. बरगड्यांच्या मागे श्वास घ्यायचा.

"मला वटी भरायची हाय देवीची," बायनाबाई म्हणाली. आवाज थकला होता, पण तोच.

"लांबून, मावशी, लांबून नमस्कार करा," बन्सीधर घाईनं म्हणाला. "योगमायेला स्पर्श चालत न्हाई."

"वटी लांबून कशी भरतेत वो?" दुसरी एक बाई म्हणाली. बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली. तेवढ्यात पुढच्या ओळीतून, मानकऱ्यांच्या बैठकीतून, एक खणखणीत आवाज आला. तो आवाज ऐकून केवळाचा सुटलेला हात आपोआप आखडायला निघाला होता, तिनं तो महत्प्रयासानं सैल ठेवला.

"देवी खरी हाय तर वटीला आडवता कशाला?" आश्रुबा म्हणाला. "का आत काई लबाडी हाय? जा गं, भर तू. बघू कोण आडवतंय."

बापच असं बोलला. सगळी कनात त्याच्या बाजूनं गरजली आणि बन्सीधर मुकाट्यानं बाजूला झाला. दुसरं करणार काय? अडवलं तर लबाडी ठरणार, सोडलं तर उघडी पडणार.

पायऱ्या म्हणून ठेवलेल्या खोक्यावर आईचे पाय वाजले. मग ती अगदी जवळ आली. केवळाला हळदीचा वास आला, आणि तिच्या लुगड्याचा, घरातल्या धुराचा. किती वर्षांत तिच्या इतक्या जवळ दुसरी बाई आली नव्हती! रडू घशापर्यंत आलं. तरंगणाऱ्या बाईला रडता येत नाही. पाणी कानात उतरतं आणि बत्तीच्या उजेडात चमकतं. तिनं ते गिळलं.

बायनाबाईनं तिच्या पोटावर तिचाच पदर पसरला. खण ठेवला, नारळ ठेवला, आणि ओंजळीनं तांदूळ घालायला लागली. वजनानं पदर एका बाजूला घसरायला लागला. तांदूळ सांडू नयेत म्हणून बायनाबाईनं दुसरा हात कुशीखाली लावला आणि तिची बोटं गारगार लोखंडाला लागली.

हात थांबला. फळीची कड पदराबाहेर आली होती. बायनाबाई वाकून उभी होती म्हणून ती अजून मागच्यांना दिसत नव्हती. ती बाजूला झाली की सगळ्यांना दिसणार होती. केवळानं वाट बघितली. आता आई ओरडणार, असं तिला वाटलं. देवाच्या नावानं फसवलं म्हटल्यावर कुणीही ओरडेल, आणि आई तर भोळी, देवभोळी. ओरडू दे, तिच्या मनात आलं. ओरडली तर निदान मला बघून ओरडेल.

बोटं लोखंडावरून हळूहळू सरकली. फळीच्या कडेनं तिच्या पाठीपर्यंत गेली, जिथे रोज फळी घासून घट्टा पडला होता. तिथे क्षणभर टेकली. मग बायनाबाईनं हिरव्या लुगड्याचा काठ दोन बोटांत धरला, खाली ओढला, फळी झाकली, आणि वरून नीट चापून बसवला. लेकीला सासरी धाडताना नेसवतात तसा.

एवढ्यावरून आईनं ओळखलं अशी केवळाची खात्री झाली नसती. म्हातारी कनवाळू होती, कुणाही गरीब बाईची लाज झाकली असती तिनं. पण मग बायनाबाईनं ओटीतले चिमूटभर तांदूळ परत उचलले आणि आपल्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले. देवीला दिलेलं कुणी असं परत घेत नाही. लेकीच्या ओटीतलं घेतात. माहेरची आई घेते, लेकीचं माहेर राहावं म्हणून.

"काय गं," खालून आश्रुबानं विचारलं, "खरंच अधांतरी हाय का?"

बायनाबाई वळली. "हाय," ती म्हणाली. मग थोडं थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खाली कायबी न्हाई तिच्या. मी हात घालून बघितला."

आश्रुबानं पागोटं काढलं आणि बसल्या जागी डोकं जमिनीला टेकलं. त्याच्यामागे सगळी जत्रा वाकली.

मुंजाजीनं रहाट सोडला, पडदा पडला. बन्सीधर आत आला तो घामानं भिजलेला आणि आनंदानं खुळा झालेला. "त्या म्हातारीनं तारलं आज!" तो म्हणाला. "हैदराबादेत असा खेळ झाला न्हाई कधी. तिनं आपणहून हात घालावा आन् म्हणावं कायबी न्हाई, पैसे देऊन असं माणूस मिळत न्हाई. कोण होती गं ती, तुला ठावं हाय?"

पोटावरची ओटी दोन्ही हातांनी सावरत केवळा फळीवरून उतरली आणि आतल्या कनातीच्या फटीशी जाऊन उभी राहिली. बाहेर चांदण्यात बैल जुंपले जात होते. आश्रुबा पुढे चालला होता, लोकांना काहीतरी सांगत, हातवारे करत. बायनाबाई चार पावलं मागे होती. पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं.

ती मागे वळेल म्हणून केवळा फटीला डोळा लावून उभी राहिली. वळायचं नाही हे आईला कळत होतं. तिनं वळू नये हे केवळालाही कळत होतं. एकदा बघितलं असतं तर सगळं फुटलं असतं. तरी गाडी टेकडीआड जाईपर्यंत ती मनात म्हणत राहिली, बघ गं, एकदा बघ. बायनाबाई गाडीत बसली ती तोंड पुढे करूनच.