तिसऱ्यांदा विचारल्यावर

चष्मेवाल्याच्या घरात 'हो' म्हणायची एक पद्धत होती. आधी दोनदा 'नको' म्हणायचं. पहिलं नको मोठ्यानं, दुसरं जरा हळू, आणि तिसऱ्यांदा विचारलं की मान खाली घालून, "बरं, एवढं म्हणताय तर." पहिल्या फटक्यात हो म्हणणारा माणूस हावरट, असं त्याच्या आईचं ठाम मत होतं. तिनं हे कधी शिकवलं नाही. लहानपणी पाहुणा म्हणून गेल्यावर त्याचा हात बिस्किटाकडे गेला की ती नुसती बघायची. हात आपोआप मागे यायचा. पुढे पुढे तर तो हात मांडीवरून उठेनासाच झाला.

या पद्धतीपायी घराण्यानं बरंच सोसलं होतं. त्याचे काका एकदा भर उन्हात चक्कर येऊन पडले, कारण ज्यांच्याकडे गेले होते त्यांनी पाण्याचं दोनदाच विचारलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, सलाईन लावू या. काका डोळे न उघडता म्हणाले, "नको, नको. उगाच तुम्हाला त्रास." शेवटी काकूंनी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं, "अजून एकदा विचारा हो." काका वाचले. घरात ही गोष्ट सभ्यपणाचा नमुना म्हणून सांगत. ती ऐकून भाचरांनी चष्मेवाल्याचंच नाव 'नकोमामा' ठेवलं.

धंद्यात मात्र ही सवय कामाला यायची. तो एका चष्म्याच्या दुकानात नोकरीला होता, डोळे तपासायचा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारायचा, "हे स्पष्ट, की मघाचं?" लोक त्याला वाईट वाटू नये म्हणून सांगायचे, "दोन्ही छान आहेत." पहिलं उत्तर तो लिहूनच घ्यायचा नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस खरं बोलतो आणि नंबर निघतो, असा त्याचा अनुभव होता.

त्याची बायको कोर्टात दुभाषी होती. साक्षीदार आपल्या भाषेत बोलायचा, ती ते न्यायाधीशांना जसंच्या तसं सांगायची. 'नाही'ला 'नाही'. तिच्या माहेरीही एकदाच विचारायचे, आणि उत्तर आलं की विषय संपला. लग्नाआधी तो पहिल्यांदा तिथं जेवायला गेला, तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, "अजून वाढू?" तो म्हणाला, "नको." सासूबाईंनी भांड्यावर झाकण ठेवलं. तो अर्धपोटी बाहेर पडला. ती त्याला सोडायला कोपऱ्यापर्यंत आली आणि काही न विचारता तिनं त्याच्या हातात दोन पाव ठेवले. त्यानं ते उभ्या उभ्या खाल्ले आणि तिच्याशीच लग्न करायचं ठरवलं.

पुढची नऊ वर्षं ती घरीही दुभाषाचंच काम करत राहिली. "तो नको म्हणतोय, पण आणा." "तो बरा आहे म्हणतोय, म्हणजे ताप आहे." "त्याला राग आला नाहीये म्हणे. दोन दिवस जरा जपून."

मग तिची लांबच्या शहरातल्या कोर्टात बदली झाली. कायमची. रविवारी सकाळी कपडे वाळत घालताना तिनं विचारलं, "येशील माझ्याबरोबर?"

"नको," तो म्हणाला. "कशाला उगाच? इथं दुकान आहे. तू जा."

हे पहिलं नको. मोठ्यानं म्हटलेलं, अगदी रीतसर. तिनं हातातल्या टॉवेलला चिमटा लावला आणि म्हणाली, "बरं."

चष्मेवाला दुसऱ्यांदा विचारायची वाट बघू लागला. दोन आठवडे तो तिच्या वाटेत उभा राहिला. ती भांडी बांधायला बसली की हा दारात. ती पुस्तकं काढायला गेली की हा कपाटापाशी.

"किती खोकी झाली?"

"सात."

"बरीच झाली की."

"हो."

दरम्यान त्यानं नोकरी सोडली. मालकानं थांबण्याबद्दल विचारलं, तो नको म्हणाला. पुन्हा विचारलं, पुन्हा नको. मालक त्याला ओळखून होता, त्यामुळे तो निवांत होता. तिसऱ्यांदाही नकोच आल्यावर मात्र मालक खुर्चीत बसला. हे सगळं चष्मेवाल्यानं बायकोला सांगितलं नाही. आपणहून सांगणं म्हणजे मागणंच झालं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती शेवटच्या खोक्याला चिकटपट्टी लावत होती. मान वर न करता म्हणाली, "मी साक्षीदाराला कधी म्हणत नाही, की तुम्हाला नक्की नाहीच म्हणायचंय ना. नोकरी जाईल माझी."

"ते कोर्ट झालं."

"घरी येऊन तरी दुसरं काय करते मी? तिथं निदान साक्षीदार बोलतो." तिनं पट्टी दातानं तोडली. "दमले रे. एकदा तरी मला तुझ्या तोंडून आयतं ऐकायचंय. न खोदता."

तो म्हणाला, "पाणी आणू तुला?"

"हो," ती म्हणाली. एकदाच विचारल्यावर.

पाणी आणायला गेला तेव्हा नळाशी उभं राहून त्यानं निश्चय केला. ती आता जे काही विचारेल, त्याला पहिल्या फटक्यात हो म्हणायचं. त्यांच्या घराण्यात हे कुणी केलं नव्हतं. सकाळी दाढी करताना त्यानं आरशासमोर सरावही केला. "हो." "हो!" दुसरा बरा वाटला.

तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला. चष्मेवाल्यानं अंगात एकावर एक तीन शर्ट घातले होते. बॅग भरली असती तर हावरटपणा दिसला असता.

"भावजी, तब्येत सुधारली की!" मेव्हणा म्हणाला.

खोकी चढली. ती टेम्पोच्या दारापाशी आली. एक हात दारावर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. दार उघडलं नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "जाऊ मी?"

"हो!" तो म्हणाला.

चांगलं स्पष्ट, खणखणीत आलं. तक्त्यावरची शेवटची बारीक ओळ वाचता आल्यावर गिऱ्हाइकाला होतो, तसा आनंद त्याला क्षणभर झाला. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला. आणि जन्मभर येता-जाता उधळलेला तो एक शब्द आज, फक्त आज, हवा होता, हे त्याच्या लक्षात आलं.

"नऊ वर्षांत पहिल्यांदा एकदम हो म्हणालास," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिनं जे ऐकलं, तेच जसंच्या तसं सांगितलं. दार उघडून ती आत बसली.

"अगं, तसं नाही..." पण तेवढ्यात इंजिन सुरू झालं. पुढचं त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.

मेव्हण्यानं खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडून विचारलं, "भावजी, पुढं तिघांची जागा आहे. बसताय का?"

"नको, नको," चष्मेवाल्याचं तोंड म्हणालं. "उगाच तुम्हाला अडचण."

"बरं," मेव्हणा म्हणाला. शेवटी तोही त्याच घरातला. त्यानं गिअर टाकला.

टेम्पो निघाला. ती समोर बघत होती. शेजारची बाई दारात आली, रिकाम्या जागेकडे पाहून पुन्हा आत गेली. तिनंही काही विचारलं नाही. वळणापाशी टेम्पोचा वेग कमी झाला, एक सायकलवाला आडवा गेला म्हणून. चष्मेवाला तीन शर्टांत घामाघूम होऊन उभा होता. दोन नको झाले होते. आता कुणीही विचारलं असतं, अगदी त्या सायकलवाल्यानंही, तरी त्याला रीतसर हो म्हणता आलं असतं.