भुजंगच्या मायचं मत

बावन्न सालच्या निवडणुकीत पक्षाचा माणूस पडला, आणि पाडला कुणी, तर त्याच्याच बोरीच्या धनगरवाड्यातल्या बायांनी. मत टाकायला नटूनथटून गेल्या, तर यादीत एकीचंही नाव नव्हतं. यादी करणाऱ्याला सगळ्यांनी सांगितलं होतं, मी अमक्याची माय, मी तमक्याची माय. असली नावं सरकारनं छाटून टाकली.

ही शिकवण भिवराबाईची. परक्या माणसाला नाव सांगायला आपण काय बाजारात उभ्या हाव का, असं तिनंच सगळ्यांना बजावलं होतं, आणि तिच्या शब्दापुढं जायची कुणाची छाती नव्हती. ती स्वतः होती भुजंगची माय. अठ्ठेचाळीस साली निजामाविरुद्धची पक्षाची पत्रकं मेंढरांच्या कळपाआडून नेताना भुजंग रझाकारांच्या गोळीनं गेला. त्याला आता कोण हाक मारणार? पण दिवसातून वीस वेळा कुणी ना कुणी म्हणायचंच, भुजंगच्या माय, ताक हाय का. भुजंगच्या माय, जरा या. तेवढंच लेकरू उरलं होतं तिला.

पंचावन्न साली पक्षानं कात टाकायची ठरवली. जुने फेटेवाले मागं बसवले आणि पाथरीचा तरणाबांड वकील गोविंदराव चिटणीस केला. तो जीप घेऊन आला. भाषण नाही, हारतुरे नाहीत, थेट भिवराबाईच्या ओट्यावर बसला. इथल्या साठ बायांची मतं आली तर पक्ष उभा राहतो, नाहीतर या भागातून उठला, म्हणाला. सगळ्यांनी आपापली नावं द्यायची, आणि तुम्ही दिल्याशिवाय एकही देणार नाही.

"लेकराच्या नावानं बाई सगळ्या मुलखाला ओळखू येती," ती म्हणाली. "तुमालाच का येत न्हाई?"

"मला येते, मावशी. यादीला येत नाही."

"भुजंग तुमच्याच पक्षापायी गेला."

गोविंदरावानं मान खाली घातली. "म्हणून तर पहिलं तुमच्याकडं आलो."

पक्ष बुडाला तर पोरगं कशापायी मेलं, हे काय तिला समजत नव्हतं? पदराआडून बाया तिच्याकडं बघत उभ्या होत्या.

"लिव्ह," ती म्हणाली. "भिवराबाई."

नवऱ्याचं नाव शेजारच्या कासाबाईनं सांगितलं, ते काही भिवराबाईच्या तोंडून निघणारं नव्हतं. मग कागदावर वाकून तिनं विचारलं, भुजंगला कुठं लिवलंस? लेकरांचा रकाना नाही मावशी, तो हळूच म्हणाला.

मागोमाग सगळ्यांनी नावं दिली. धुरपताबाईला तर आपलंच नाव पटकन आठवेना, हसून हसून बायांची पुरेवाट झाली. लग्न झाल्यापासून कुणी घेतलंच नव्हतं ना ते. मग गोडीच लागली त्यांना. आठ दिवसांत धनगरवाडाभर त्याच नावांनी हाका सुरू झाल्या.

एका सकाळी कासाबाई दारात आली आणि मोठ्या कौतुकानं म्हणाली, "भिवराबाई, येऊ का आत?"

भिवराबाई चुलीपुढं बसून होती. ओ द्यायला तिला लय वेळ लागला.